चौदा खुणा

कॅम्परमध्ये, म्हणजे चाकांवरच्या त्या घरात, तीन माणसं आरामात राहू शकतात, असं त्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं होतं. ती माणसं एकमेकांचं तोंड बघायला तयार असावीत, एवढी अट मात्र छापायची राहून गेली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी साहेबाने पाण्याची टाकी भरायला सांगितली. मोती म्हणाली, काल मीच भरली. साहेब म्हणाला, काल अर्धी भरली. तेवढ्यावरून शब्दाने शब्द वाढला, टाकीवरून संडासाची पेटी कोण रिकामी करतं यावर आला, तिथून एकमेकांच्या माहेरच्या नि सासरच्या माणसांवर घसरला. शेवटी वरच्या बर्थवरून सतरा वर्षांची लेक कानातले इअरफोन न काढताच म्हणाली, "खाली उतरून भांडा. गाडी हलतेय."

गाडी खरंच हलत होती. शेजारच्या तंबूतलं जोडपं चहाचे कप हातात धरून बघत होतं. मोतीने खिडकीचा पडदा इतक्या जोरात ओढला की त्याच्या दोन कड्या तुटल्या. गाडी तिच्या भावाची होती. त्याने किल्ली देताना ती बहिणीच्या हातात दिली होती, दाजींच्या नाही, आणि हे साहेबाला पहिल्या दिवसापासून झोंबत होतं.

साहेबाला सगळेच साहेब म्हणत. कामावर तो इमारतींच्या लिफ्ट तपासणारा अधिकारी होता म्हणून, आणि घरी आल्यावर आपण घरी आलोय हे त्याच्या लक्षात येत नसे म्हणून. मोतीचंही ते खरं नाव नव्हतं. ती एका ग्रंथालयात पुस्तकांची कार्डं लिहायची. अक्षर मोत्यासारखं, म्हणून साहेबाच्या मित्रांनी तिला मोतीवहिनी करून टाकलं आणि वीस वर्षांत ते नाव इतकं चिकटलं की तिची आईसुद्धा फोनवर तेच म्हणू लागली.

ही सहल म्हणजे काय होतं ते तिघांनाही माहीत होतं, त्यामुळे मजा येत असल्याचं सोंग कोणी आणत नव्हतं. महिन्यापूर्वी एका इमारतीची लिफ्ट चौथ्या मजल्यावरून खाली कोसळली होती. आत कपडे शिवणारी एक बाई होती. ती वाचली, पण तिचा पाय चिरडला. त्याआधी चारच महिन्यांपूर्वी ती लिफ्ट तपासल्याचा कागद कचेरीत होता, त्यावर चौदाच्या चौदा गोष्टी ठीक असल्याच्या खुणा होत्या आणि खाली साहेबाची सही होती. साहेबाला सक्तीच्या रजेवर धाडलं होतं. येत्या सोमवारी चौकशी होती. ती अंगाशी आली तर नोकरी जाणार, खटला होणार, आणि बहुधा तुरुंग. 'तुरुंग' हा शब्द साहेबाने जेवताना उच्चारला होता आणि लगेच उकडलेला बटाटा पुन्हा वाढून घेतला होता.

त्यावर उपाय त्यानेच काढला. त्याच्याबरोबर एकाच दिवशी नोकरीला लागलेले दोन मित्र आणि त्या सगळ्यांना काम शिकवणारे मास्तर, असे तिघे आता वेगवेगळ्या गावी होते. तिघांच्याही शब्दाला वजन होतं. साहेब कसा माणूस आहे, काम कसं करतो, याची पत्रं त्यांच्याकडून घ्यायची आणि सोमवारी चौकशीपुढे ठेवायची. पत्र मागायला फोनवर तोंड उघडत नाही, समोर जाऊन बसावं लागतं, असं तो म्हणाला. वाटेत दोन-तीन उद्यानं लागतात, तेवढीच पोरीला झाडं दिसतील, असंही म्हणाला. खरं तर उद्यानांत कॅम्पर उभी करायला जागा मिळते, बाकी साहेबाला झाड आणि विजेचा खांब यांत फरक कळत नसे.

मोतीला ते पटलं होतं. नवरा कसाही असला तरी तो तुरुंगात जावा असं तिला वाटत नव्हतं. शिवाय त्या कागदांबद्दल तिला एक गोष्ट टोचत होती, आणि ती टोचणी तिने महिनाभर पदराआड धरावी तशी धरून ठेवली होती. ते कागद तीच लिहायची.

त्याची सुरुवात नऊ वर्षांपूर्वी झाली होती. साहेबाचं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय घासल्यासारखं. वरून तक्रार आली, कागद वाचता येत नाहीत. मग साहेब ते कोरे कागद घरी आणू लागला. रविवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मोती ते भरायची. एकेका कागदावर चौदा ओळी: दोर, ब्रेक, दरवाजा, धोक्याची घंटा, असं काय काय. समोर 'ठीक', पुढे बरोबरची खूण, खाली सही. एक प्रत कचेरीत जायची, एक लिफ्टमध्ये लागायची. पहिल्यांदा सही साहेबच करायचा. पुढे टीव्हीवर सामना रंगात आला की म्हणायचा, तूच मार ना, तुला येते. तिला यायची. लेक आठ-नऊ वर्षांची होती तेव्हा शेजारी बसून हट्ट करायची, म्हणून खुणा करायचं काम तिला मिळालं. रविवारचा तो घरगुती उद्योगच होऊन बसला. मित्र जेवायला आले तरी थांबायचा नाही. उलट त्यांतला जाड्या म्हणायचा, "वहिनींचं अक्षर बघून लिफ्टसुद्धा आपोआप सुधारत असेल."

या जाड्याचंच घर पहिलं होतं. जाड्या आता जाड्या राहिला नव्हता, कुठल्याशा आजाराने वाळून गेला होता, पण हुद्द्याने फुगला होता. त्याच्या दारातल्या फरश्या नव्या होत्या. कॅम्पर त्यावर उभी राहिल्याबरोबर खालून काहीतरी गळलं आणि जाड्याच्या बायकोच्या कपाळावर आठी उमटली, ती निघेपर्यंत गेली नाही. तिने चहा दिला, पण स्वतः घेतला नाही. बिस्किटांची बशी मोतीपासून हातभर लांब ठेवली. दोघे पुरुष आतल्या खोलीत गेले आणि दार लावून बसले.

"तुम्हाला कामावरून काढतील का हो?" जाड्याच्या बायकोने विचारलं.

"मला? मला कशाला काढतील?"

"नाही, सहज. लोक विचारतात ना, मग सांगायला काहीतरी पाहिजे."

"कोण लोक?"

"अहो, सहज म्हटलं." तिने लेकीकडे बघितलं. "मुलगी हुशार आहे म्हणे. बरं झालं. तिच्या तरी वाट्याला काही येऊ नये."

मोतीला वाटलं, ही बाई मुळातच खवट आहे. पूर्वी मोतीच्या हातचं जेवून हिनेच चारदा कृती लिहून नेल्या होत्या. अर्ध्या तासाने दार उघडलं. साहेबाच्या हातात बंद पाकीट होतं. जाड्या मोतीच्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "वहिनी, वकील चांगला बघा."

"यांच्यासाठी बघितलाय की. तुम्हाला सांगितलं नाही यांनी?"

जाड्या खोकला. खोकला खरा होता की खोटा ते कळलं नाही.

गाडीत बसल्यावर मोतीने विचारलं, "काय लिहिलंय त्यांनी?"

"चांगलं लिहिलंय."

"मग माझ्याशी असं का बोलत होते दोघं?"

"कसं?"

"घरात कोणी आजारी असल्यासारखं."

"तुला सगळीकडे काहीतरी दिसतं," साहेब म्हणाला. "नकाशा बघ. डावीकडे वळायचं होतं ना इथे?"

डावीकडे वळायचं ठिकाण मागे राहिलं होतं. त्यावरून पुढचे चाळीस किलोमीटर भांडण पुरलं, आणि मूळ प्रश्न तसाच राहिला. साहेबाला ही कला चांगली अवगत होती.

दुसरा मित्र गॉगल. तरुणपणी तो घरातसुद्धा काळा चष्मा लावून बसायचा, म्हणून गॉगल. त्याने त्यांना घरी बोलावलंच नाही. गावाबाहेरच्या मोठ्या उद्यानात, तळ्याजवळच्या तिसऱ्या बाकावर भेटू, असं कळवलं. जणू काही चोरीचा माल द्यायचा होता. ठरल्या वेळी तो बॅग मांडीवर घेऊन बसलेला दिसला, डोळ्यांवर आता साधाच जाड काचांचा चष्मा होता. शेजारी पाटी होती: प्राण्यांना खायला घालू नये. गॉगलने साहेबालाही बसायला सांगितलं नाही.

साहेबाने त्याच्या हातात एक छापील कागद दिला. गॉगलने तो वाचला, बॅगेवर ठेवून आपल्या हाताने दुसऱ्या कागदावर उतरवून काढला, सही केली, पाकिटात घातला आणि पाकीट चाटून बंद केलं. सगळं मिळून दहा मिनिटं. मोती आणि लेक वीसेक पावलांवर उभ्या होत्या. लेक बदकांचे फोटो काढण्याचं नाटक करत होती.

जाताना गॉगल मोतीजवळ थांबला. "हे बघा, माझी रिटायरमेंट जवळ आलीय. यापुढे मला फोन करायचा नाही. दोघांनीही."

"मी तुम्हाला कधी फोन केला?"

"करू नका म्हणतोय. उद्या मला बोलावलंच, तर डोळ्यांनी पाहिलं तेवढं मी सांगणार. रविवारी त्या टेबलावर कोण बसायचं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. मी माझ्या पोराबाळांना गोत्यात घालणार नाही."

"गॉगल, जा आता," साहेब जवळ येत म्हणाला.

"जातोच आहे. आणि एक सांगतो. आपल्या बायकोला असं पुढे करून..." गॉगल थांबला, लेकीकडे बघितलं आणि तरातरा निघून गेला.

 मोती तशी भोळी नव्हती. चुकीच्या खणात गेलेलं पुस्तक ती नुसत्या नजरेने हुडकायची. इथे काहीतरी चुकीच्या खणात गेलंय हे तिला कळलं होतं, पण ते काय आहे हे बघायला ती धजत नव्हती.

"ती पाकिटं मला बघू द्या," गाडीत ती म्हणाली.

"बंद आहेत ती. गोपनीय असतं असलं. फोडलं की त्याला किंमत राहत नाही."

"छापील कागद कसला देत होतात?"

"नमुना. लोकांना लिहायला सुचत नाही."

"त्यात माझं नाव आहे का?"

साहेबाने गिअर इतका करकचून बदलला की वरच्या कपाटातली ताटं खाली आली. "मी तुरुंगाच्या दारात उभा आहे आणि तुला तुझ्या नावाची पडलीय! नऊ वर्षं, वीस वर्षं, तुम्हा दोघींसाठी राबतोय. पाच दिवस जरा तोंड मिटून बसता येत नाही?"

पाकिटं त्याने ड्रायव्हरच्या सीटखालच्या पेटीत ठेवली आणि पेटीची किल्ली खिशात टाकली. तो डिझेल भरायला उतरला तेव्हा लेक वरून खाली आली आणि सुरी पुढे करत म्हणाली, "आई, उचकट. मी बाहेर लक्ष ठेवते."

"दुसऱ्याची पत्रं उघडायची नसतात."

"आई, तू खरंच मूर्ख आहेस की मुद्दाम करतेस?"

मोतीने तिच्या थोबाडीत दिली. सतरा वर्षांत पहिल्यांदा. लेक रडली नाही. सुरी ओट्यावर ठेवून बर्थवर चढली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. त्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कॅम्परमध्ये कोणी कोणाशी अवाक्षर बोललं नाही. चहा झाला, भांडी घासली गेली, संडासाची पेटीसुद्धा रिकामी झाली, आणि हे सगळं माना वळवून झालं. मोतीला भीती वाटत होती, सरळ साधी भीती, आणि ती भीती साहेब तुरुंगात जाईल याची राहिली नव्हती.

मास्तर एका डोंगरपायथ्याच्या उद्यानाला लागून राहत. निवृत्त झाल्यावर त्यांनी रोपवाटिका काढली होती. पंचाहत्तरीचे, ताठ, आणि बोलायला कडू. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं अजून त्यांच्यासमोर खिशातून हात बाहेर काढत. त्यांनीही घरात घेतलं नाही. "बूट चिखलाचे आहेत माझे," असं सांगून उद्यानातल्या लाकडी टेबलाकडे बोट दाखवलं. चौघे बसले. दुपारचं ऊन टेबलावर पसरलं होतं. पलीकडे कोणाची तरी लहान पोरं झोपाळ्यावर ओरडत होती.

"मोती, तू आणि पोरगी जरा फिरून या," साहेब म्हणाला.

"कशाला?" मास्तर म्हणाले. "बसू देत. काय आणलंस ते काढ."

साहेबाचा नाइलाज झाला. त्याने छापील कागद काढला, त्याबरोबर कोसळलेल्या लिफ्टच्या तपासणीच्या कागदाची झेरॉक्स काढली. मास्तरांनी चष्मा लावला आणि छापील कागद मोठ्याने वाचायला सुरुवात केली. साहेबाने "मास्तर, मनात वाचा ना," म्हटलं, पण वर्गात मध्ये बोलणाऱ्याकडे बघावं तसं त्यांनी एकदाच बघितलं आणि वाचत राहिले.

"'मी सदर अधिकाऱ्यास तीस वर्षे ओळखतो. सोबतच्या तपासणी कागदावरील अक्षर व सही त्यांची नसून त्यांच्या पत्नीची आहे, हे मी खात्रीपूर्वक सांगतो. सदर कागद त्यांच्या पत्नीने त्यांच्या नकळत परस्पर भरून त्यांच्या इतर कागदांत मिसळला असावा, असे माझे मत आहे.'" मास्तरांनी कागद खाली ठेवला. "इतर कागदांत मिसळला. का मिसळला असावा म्हणे? छंद म्हणून?"

 मोतीला झोपाळ्यावरच्या पोरांचा आवाज एकदम फार मोठा ऐकू येऊ लागला. ती नवऱ्याकडे बघत होती. त्याच्या शर्टाच्या वरच्या बटणाला निळा दोरा होता, बाकीच्यांना पांढरा. ते बटण तिनेच निघण्याच्या आदल्या दिवशी लावलं होतं, पांढरा दोरा सापडला नाही म्हणून.

"जाड्याने हेच लिहिलं?" तिने विचारलं. "गॉगलने पण?"

"आधी ऐकून घे," साहेब म्हणाला. आवाज एकदम मऊ केला. "तुला काही होत नाही. मी वकिलाला विचारलंय. तू सरकारी नोकर नाहीस. बाईमाणूस, पहिलाच गुन्हा. फार तर ताकीद देऊन सोडतील. माझी नोकरी राहिली तर घर राहतं, पोरीचं शिक्षण राहतं. मी आत गेलो तर तुम्ही दोघी रस्त्यावर. घरासाठीच करतोय मी हे."

"ग्रंथालयात ठेवतील मला?"

"ती काय नोकरी आहे?"

मोतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ती ओरडली नाही. "मला विचारलं असतंत ना," ती म्हणाली, "टेबलावर समोर बसवून विचारलं असतंत, तर कदाचित मी हो म्हटलं असतं. एवढी मूर्ख आहे मी. पण तुम्ही मला गाडीत घालून, माझ्या भावाच्या गाडीत, माझ्या हातचं खात, दारोदार फिरवलंत. माझ्याविरुद्धची पत्रं गोळा करायला मलाच बरोबर आणलंत. वर मला म्हणालात, नीट नकाशा बघ."

"मोती..."

"ठीक आहे. मी सांगते सोमवारी. अक्षर माझं, सही माझी. पण हा एकच कागद कशाला? नऊ वर्षांचे सगळे माझेच आहेत. सगळे सांगते. आणि तुम्ही मला काय आणून द्यायचात तेही सांगते."

साहेबाचा चेहरा उतरला. मास्तर पुढे वाकले. "काय आणून द्यायचा?"

"पत्ता."

"आणि?"

"आणि काही नाही. चिठोऱ्यावर पत्ते लिहिलेले असायचे, आठवड्याचे आठ-दहा. बाकी सगळ्याला 'ठीक' लिही म्हणायचे. मी एकदा विचारलं होतं, की एकसुद्धा कशी बिघडलेली नसते? तर म्हणाले, बिघडली असती तर लोकच बोंबलले असते." मोतीचा आवाज तिथे फुटला. "आणि मी गप्प बसले. मला कळत होतं, मास्तर. मला कळत नव्हतं असं नाही. मी शाई बदलत होते, अक्षर एका रेषेत येतंय का ते बघत होते."

"हिचं डोकं फिरलंय," साहेब म्हणाला. "मी जात होतो. बऱ्याच ठिकाणी जात होतो."

"बऱ्याच म्हणजे किती?" मास्तरांनी विचारलं.

 साहेब मोतीकडे वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मऊपणाचा लवलेश नव्हता. "सगळं सांगणार ना? सांग. मग खुणा कोणाच्या तेही सांग. चौदा खुणा. त्या तुझ्या नाहीत. सांग त्यांना, कोणी केल्या. पोरीला पण उभी कर तिथे."

मोतीने टेबलाची कड धरली. एवढं तिच्या मनात आलं नव्हतं. "खुणा माझ्याच आहेत," ती म्हणाली. खुणेला कुठे अक्षर असतं, कोण ओळखणार, असा विचार करून ती चटकन बोलून गेली होती.

लेकीने कानातले इअरफोन काढले. हात लांब करून झेरॉक्स आपल्याकडे ओढली आणि बघत बसली. खुणांना लांब शेपट्या होत्या, शेवटच्या तीन तर घाईघाईने एकातून एक काढल्यासारख्या जोडलेल्या.

"माझ्या आहेत," ती म्हणाली. "परीक्षेच्या आधीच्या रविवारी केल्या मी. टीव्ही लवकर मिळावा म्हणून."

"तू गप्प बस," मोती म्हणाली.

"नाही बसणार. तू बसलीस ना नऊ वर्षं." तिने कागदावर बोट ठेवलं. "हे दोर. हे ब्रेक. दहा सेकंद लागली असतील मला सगळ्यांना मिळून. आई, त्या बाईचा कुठला पाय गेला?"

मोतीला माहीत नव्हतं. तिने साहेबाकडे बघितलं. साहेबालाही माहीत नव्हतं. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता, वकील, चौकशी, पत्रं, तुरुंग, आणि त्या बाईचा कुठला पाय गेला हे कोणालाही ठाऊक नव्हतं.

लेकीने कागदावरचं बोट उचललं. मग म्हणाली, "बाकीच्यांचं काय?"

"कोण बाकीचे?" साहेब वैतागला.

"बाकीच्या लिफ्ट, बाबा. तू न बघितलेल्या. त्या बंद आहेत का?"

 मास्तर, ज्यांनी आयुष्यभर हेच काम शिकवलं, त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. मोतीच्या डोळ्यांपुढे माणसं आली. पिशव्या घेतलेली, पोरांना कडेवर घेतलेली, आरशात केस सारखे करणारी. ती आत्ता, याच मिनिटाला दार लावून बटण दाबत होती. आत कुठेतरी फ्रेममध्ये तिच्या अक्षरातला कागद लावलेला होता, आणि तो वाचून ती माणसं निर्धास्त होती.

"वही द्या," ती मास्तरांना म्हणाली. "रोपांची असेल ती द्या, कसलीही द्या. आणि तुमच्या जुन्या कचेरीत अजून कोणी फोन उचलत असेल तर लावा."

मास्तर उठून घराकडे गेले. ते जाताच साहेब दबक्या आवाजात म्हणाला, "हे बघ, अजून वेळ गेलेली नाही. यातून कोणीच वाचणार नाही. मी नाही, तू नाही, पोरगी पण नाही. सोमवारपर्यंत थांब. सोमवारनंतर काय लिहायचं ते लिही."

"सोमवारला तीन दिवस आहेत," मोती म्हणाली.

"नऊ वर्षं काही झालं नाही, तीन दिवसांत काय होणार आहे?"

 मास्तर वही आणि फोन घेऊन आले. वहीत अर्ध्यावर कलमांच्या नोंदी होत्या, तिने ती उलटी केली आणि मागून सुरुवात केली. वीस वर्षं पुस्तकांची कार्डं लिहून तिची आठवण पक्की झाली होती, हाताखालून गेलेलं सहसा विसरायची नाही. सूतगिरणीमागची पिवळी इमारत. दातांच्या दवाखान्याची. अंध मुलींचं वसतिगृह. प्रत्येक पत्त्यापुढे ती लिहीत होती: तपासलेली नाही. लेक शेजारी बसून ओळी मोजत नव्हती की मदत करत नव्हती, नुसती बघत होती, आणि मोतीला तिच्याकडे मान वर करून बघवत नव्हतं. मास्तर एकेक पत्ता फोनवर कोणाला तरी वाचून दाखवत होते, पलीकडचा माणूस काहीतरी विचारत होता आणि मास्तर त्याच्यावर खेकसत होते, "आधी बंद करा! कारण नंतर सांगतो."

साहेब टेबलाकडे पाठ करून उभा राहिला होता. तो कॅम्परकडे गेला नाही, निघूनही गेला नाही. एकेचाळिसावा की बेचाळिसावा पत्ता झाला. मोतीने लिहिलं, बाजारामागचं प्रसूतिगृह, आणि पुढे 'तपासलेली नाही' लिहून पुढच्या ओळीवर गेली.

"तिथे दोन आहेत," साहेब म्हणाला. त्याने मान वळवली नव्हती.

"काय?"

"लिफ्ट. तिथे दोन आहेत. मागची दुसरी. बायकांना वर नेतात ती."

मोतीचं पेन थांबलं. "ती बघितली होती?"

 मास्तरांनी फोन कानापासून जरा दूर धरला.

"नाही," तो म्हणाला. "तीही नाही."

मोतीने ती ओळ लिहिली.